सुरंजन दास रस्त्यावरचे इंजिन

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आग्रह कार्यकारिणीकडून दरवर्षी होतो आणि दरवर्षी मी तो काही ना काही कारण सांगून टाळतो. यंदा मात्र मी आपणहून लेख दिला आहे. त्याला कारण गेल्या वर्षी महाप्रसादाच्या दिवशी घडलेला एक छोटा प्रसंग.

जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे आपल्या मंडळातलीच दोन-तीन तरुण मुले उभी होती. सगळी हुशार, चांगल्या कंपन्यांत नोकरीला. गप्पा चालल्या होत्या त्या तेजस विमानांच्या. विमाने तयार होतात, पण अमेरिकेहून इंजिने वेळेवर येत नाहीत, अशी बातमी त्या दिवसांत वर्तमानपत्रांत सारखी येत होती. त्यातला एकजण म्हणाला, "साठ वर्षं झाली, जीटीआरईला एक धड इंजिन करता आलं नाही. कुलूप लावा म्हणावं!" सगळे हसले. मीही कदाचित हसलो असतो. पण समोर मसालेभाताचे पातेले घेऊन वाढायला उभे होते आमचे नाना. (खरे नाव देत नाही, त्यांना ते आवडणार नाही.) नानांची सगळी नोकरी त्याच संस्थेत झाली. त्यांनी त्या मुलाच्या ताटात भात वाढला, वर तुपाची धार सोडली आणि "अजून घे रे, लाजू नकोस," एवढेच म्हणाले.

घरी आल्यावर ते वाक्य मनातून जाईना. त्या मुलाचा रागही आला नाही, कारण प्रश्न खोटा नव्हता. आणि नानांचे गप्प राहणेही विसरता येईना. मी स्वतः त्या संस्थेत कधीच नव्हतो. मिरजेहून मीटरगेजच्या गाडीने १९८१ साली या गावी आलो आणि याच परिसरातल्या एका सरकारी आस्थापनेच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये नोकरीचा काळ काढला. पण सुरंजन दास रस्त्यावरून सायकलने, पुढे स्कूटरने, नंतर बसने इतकी वर्षे जा-ये केल्यावर त्या फाटकाच्या आत काय चालले आहे याचे कुतूहल असणारच. ज्या गोष्टी उघड आहेत, छापून आलेल्या आहेत, त्यांवरूनच हा इतिहास मांडतो आहे. गुप्त असे यात काहीही नाही. निकाल वाचकांनीच द्यावा.

विमान आपले, इंजिन परक्याचे

आपल्या बेंगळुरूच्या विमानउद्योगाची मुळे शोधायला गेलो की दोन नावे आपल्या बाजूची लागतात, याचा मला नेहमी अभिमान वाटतो. पहिले सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद. म्हैसूर संस्थानाच्या मदतीने त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये इथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली. आजची एचएएल ती हीच. दुसरे डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू गावचे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिकीचे जनक. घाटगे अगदी सुरुवातीच्या काळात एचएएलमध्ये आले, १९४२ साली इथल्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याची धुराही त्यांच्याकडेच होती. एचएएलच्या परिसरातले घाटगे कन्व्हेन्शन सेंटर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ते नाव यांचेच.

घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात झेपावले. स्वतंत्र भारताने स्वतः आखलेले ते पहिले विमान. पुढे त्यांच्याच काळात 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमान १९६४ मध्ये उडाले. दोन्ही विमाने नावाजली गेली, वैमानिकांच्या पिढ्या त्यांवर शिकल्या. पण एक गोष्ट लक्षात घ्या. एचटी-२ चे इंजिन होते ब्रिटिश 'सिरस मेजर', आणि किरणचे इंजिन होते ब्रिटिश 'वायपर'. विमान आपले आणि इंजिन परक्याचे, ही आपली जुनी कहाणी आहे. ती तेजसपासून सुरू झालेली नाही.

मारुतचे अपुरे बळ

या परावलंबनाचा खरा चटका बसला तो 'मारुत'च्या वेळी. १९५६ साली पंडित नेहरूंच्या सरकारने कुर्ट टांक या नामवंत जर्मन विमानरचनाकाराला बंगलोरला आणले. दुसऱ्या महायुद्धातले फॉके-वुल्फ १९० हे गाजलेले लढाऊ विमान त्यांचे. युद्धानंतर ते अर्जेंटिनात होते, तिथून आपल्या काही सहकाऱ्यांसह इथे आले. त्यांच्याबरोबर एचएएलच्या आपल्या अभियंत्यांनी एचएफ-२४, म्हणजेच मारुत, हे लढाऊ विमान आखले. ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या दिशेने जाणारे विमान करायचे, अशी ती महत्त्वाकांक्षा होती.

मारुतची आखणी झाली ती ब्रिटनच्या ब्रिस्टल कंपनीचे 'ऑर्फियस १२' हे इंजिन गृहीत धरून. रिहीटसह त्याचा जोर सुमारे ३,७०० किलो असणार होता. रिहीट म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुन्हा इंधन सोडून ते पेटवायचे आणि जास्तीचा रेटा मिळवायचा. हे इंजिन पूर्ण विकसित करण्यासाठी कंपनीने भारताकडे काही दशलक्ष पौंडांचा वाटा मागितला. आपण तो दिला नाही. गरीब देश, परकीय चलनाची चणचण, त्यामुळे त्या वेळी तो निर्णय कोणाला चुकीचा वाटला नसेल. पण इंजिन तिथेच अडले आणि मारुतला शेवटी ऑर्फियस ७०३ या लहान भावावर भागवावे लागले. त्याचा जोर सुमारे २,२०० किलो, आणि रिहीट नाही.

१७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी मारुतचे पहिले उड्डाण केले. विमान देखणे होते, हाताळायला उत्तम होते, पण अंगात बळ कमी. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे स्वप्न ध्वनीच्या वेगाच्या आसपासच थांबले. मग इंजिनासाठी शोधाशोध सुरू झाली. इजिप्तमध्ये ऑस्ट्रियन अभियंते ब्रँडनर 'ई-३००' नावाचे इंजिन करत होते. ते चालते का हे पाहण्यासाठी आपले एक मारुत थेट इजिप्तमधील हेलवानला पाठवले गेले. तोही प्रयत्न १९६९ मध्ये गुंडाळला गेला. एकूण १४७ मारुत तयार झाली. १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर त्यांनी चांगले काम केले आणि १९९० पर्यंत ती हवाई दलातून निवृत्त झाली. ज्या वैमानिकांनी ती उडवली ते आजही त्यांच्याबद्दल प्रेमाने बोलतात. पण प्रत्येकाच्या बोलण्याचा शेवट एकच असतो: "इंजिन मिळालं असतं तर...!"

कानपूरहून बंगलोरला

आपल्या संस्थेचा जन्म याच काळातला. १९५८ साली संरक्षण संशोधनाच्या वेगवेगळ्या तुकड्या एकत्र करून डीआरडीओची स्थापना झाली. १९५९ साली कानपूरला, हवाई दलाच्या दुरुस्ती केंद्राच्या आवारात, गॅस टर्बाइन रिसर्च सेंटर सुरू झाले. म्हणजे विमाने दुरुस्त करणाऱ्या शेडच्या शेजारी इंजिन तयार करायची शाळा भरली. तिथेच १९६१ मध्ये सुमारे १,००० किलो जोराचे एक जेट इंजिन चालवून दाखवण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा सगळा संसार बंगलोरला हलवला गेला, डीआरडीओच्या छत्राखाली आला आणि त्याला गॅस टर्बाइन रिसर्च एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे जीटीआरई, असे नाव मिळाले.

पहिले मोठे काम समोरच होते: मारुतच्या ऑर्फियसला आपल्याच हाताने रिहीट बसवायचे. ते त्यांनी केले. रिहीट बसवलेली मारुतची चाचणी विमाने उडालीही. १० जानेवारी १९७० रोजी अशाच एका विमानाच्या उड्डाणात ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा अपघाती मृत्यू झाला. अपघात इंजिनामुळे झाला असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण ज्या माणसाने मारुतला पहिल्यांदा आकाश दाखवले, तोच मारुतला जास्त बळ देण्याच्या प्रयत्नात गेला, हे खरे आहे. विमानाची ती आवृत्ती पुढे उत्पादनात गेली नाही.

आज जीटीआरईचे फाटक ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याला सुरंजन दास यांचेच नाव आहे. आपण रोज वाहतुकीच्या कोंडीला शिव्या देत तिथून जातो. सिग्नलला थांबल्यावर एकदा तरी पाटीकडे पाहावे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पुढच्या दशकात संस्थेने स्वतःच्या आराखड्यावर 'जीटीएक्स' मालिकेतली इंजिने बनवली. ती चाचणीच्या बाकावर चालली, पण त्यांना घालायला विमान नव्हते. विमान नसलेले इंजिन म्हणजे घोडा आहे पण लगाम धरणारा नाही. मारुतची गोष्ट इथे उलटी झाली. तिथे विमान होते, इंजिन नव्हते.

इंजिन इतके अवघड का?

आपल्या तरुण मित्रांचा खरा प्रश्न हाच असतो. आपण चंद्रावर यान उतरवतो, क्षेपणास्त्रे करतो, मग जेट इंजिनाचे घोडे कुठे अडते? मी हाच प्रश्न एकदा नानांना विचारला होता. ते म्हणाले, "रॉकेटला काही मिनिटं जळायचं असतं आणि मग ते संपतं. लढाऊ विमानाच्या इंजिनाला हजारो तास जगायचं असतं. वैमानिकाने मनाला येईल तेव्हा खटका पुढे-मागे करायचा आणि याने कधी कुरकुर करायची नाही. शिवाय त्याच्यावर माणूस बसलेला असतो."

थोडक्यात सांगायचे तर जेट इंजिन पुढून हवा ओढते, पात्यांच्या अनेक रांगांमधून ती दाबते, दाबलेल्या हवेत इंधन जाळते आणि तप्त वायू मागे फेकते. मागे जाता जाता तो वायू टर्बाइनची पाती फिरवतो आणि त्या फिरण्यावरच पुढची दाबयंत्रणा चालते. ऐकायला सोपे आहे. पण टर्बाइनच्या पात्यांवर आदळणारा वायू १,४०० अंश सेल्सियसच्या वर असतो, आणि पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात तो धातू साधारण त्याच्या खालच्याच तापमानाला वितळू लागतो. त्यातून ही पाती मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतात. बोटाएवढ्या एकेका पात्याला बाहेर खेचणारी ओढ काही टनांची असते. नानांच्या भाषेत, "लोण्याचा झारा करायचा आणि त्याने उकळत्या तेलातल्या पुऱ्या काढायच्या. झारा वितळता कामा नये आणि वाकताही कामा नये."

यावर उपाय असा की पाती आतून पोकळ ठेवायची, त्यांत केसासारख्या बारीक वाटा आणि छिद्रे करायची आणि त्यांतून तुलनेने थंड हवा खेळवायची, म्हणजे पात्याभोवती हवेचे पातळ पांघरूण तयार होते. धातूचे स्फटिकही एकाच दिशेने वाढवायचे, किंवा सबंध पाते एकाच स्फटिकाचे ओतायचे. ही ओतकामाची विद्या ज्या देशांकडे आहे ते ती कोणालाही शिकवत नाहीत, पैसे मोजले तरी नाहीत. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने, म्हणजे डीएमआरएलने, ती आपल्याकडे पायरी पायरीने उभी केली.

आणि एवढे करून इंजिन तयार झाले तरी ते खरे तयार होत नाही. ते चालवायचे, कुठे तडकते ते पाहायचे, उघडायचे, बदलायचे, पुन्हा चालवायचे. हे शेकडो वेळा. अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे छप्पन्न अंश असते आणि हवा विरळ असते. ती स्थिती जमिनीवर निर्माण करणारी चाचणीशाळा लागते. उडते चाचणीविमान लागते. कावेरीच्या काळात या दोन्ही गोष्टी आपल्या देशात नव्हत्या. त्यामुळे इंजिन खोक्यात घालून रशियाला न्यायचे, तिथे आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, चाचणी करायची, काही बिघडले की परत आणायचे. स्वयंपाक बेंगळुरूत आणि चव बघायला मॉस्को, असा तो प्रकार.

कावेरी

१९८३ साली हलक्या लढाऊ विमानाचा, म्हणजे आजच्या तेजसचा, प्रकल्प मंजूर झाला. त्याच्यासाठी स्वदेशी इंजिन हवे म्हणून १९८९ च्या मार्चमध्ये जीटीआरईकडे 'कावेरी' प्रकल्प आला. मंजूर रक्कम ३८२.८१ कोटी रुपये आणि मुदत डिसेंबर १९९६ पर्यंत. ज्या कावेरीचे पाणी आपल्या नळाला येते तिचेच नाव. इंजिनाच्या गाभ्याला नाव दिले 'कबिनी', कावेरीच्या उपनदीचे. नाव ठेवणारा कोणीतरी रसिक असला पाहिजे.

कबिनी १९९५ मध्ये पहिल्यांदा चालली आणि पूर्ण कावेरी १९९६ मध्ये. त्या दिवसांत आमच्या भागात वस्ती आजच्यासारखी दाट नव्हती. संध्याकाळी गॅलरीत उभे राहिले की कधी कधी दुरून एक लांबलचक घरघर ऐकू यायची. ती नक्की कुठली हे कोणी सांगत नसे. माझी बायको म्हणायची, "नानांचं चाललेलं दिसतंय." आम्ही त्यावर जास्त बोलत नसू. नानांच्या घरीही तो विषय निघत नसे. गणपतीच्या आरतीला मात्र ते कधी येत, कधी येत नसत, आणि आले नाहीत की वहिनी "आज उशीर होणार आहे" एवढेच सांगत.

मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने निर्बंध घातले. विमानाच्या उड्डाणनियंत्रण प्रणालीवर तिकडे काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवण्यात आले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी आपल्या जुन्या विमानतळावरून त्या विमानाचे पहिले उड्डाण केले. सारे शहर आनंदले. पण त्या विमानात इंजिन होते अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकचे, एफ-४०४. कावेरी तयार झाली नव्हती.

२००४ मध्ये रशियातल्या उंचीवरच्या चाचण्यांत कावेरीला अपयश आले. तिच्याकडून रिहीटसह ८१ किलोन्यूटन जोराची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो सत्तरच्या आसपास राहिला, आणि इंजिनाचे वजनही ठरल्यापेक्षा जास्त भरले. मधल्या काळात तेजसचे वजन वाढले होते, त्यामुळे ठरलेला जोरही त्याला पुरला नसता. सप्टेंबर २००८ मध्ये कावेरी आणि तेजस यांची गाठ सोडण्यात आली. पुढे कॅगच्या अहवालात ताशेरे आले: तेरा वर्षांचा उशीर, आणि ३८२.८१ कोटींचा अंदाज २,८३९ कोटींवर, म्हणजे ६४२ टक्के वाढ. वर्तमानपत्रांनी ते मथळ्यात छापले आणि लोकांच्या लक्षात तेवढेच राहिले.

त्यानंतरची गोष्ट फारशी कोणी छापली नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये मॉस्कोजवळच्या ग्रोमोव्ह संस्थेत एका आयएल-७६ विमानाचे एक इंजिन काढून तिथे कावेरी बसवली गेली आणि ती तासाभराहून अधिक काळ, सहा हजार मीटर उंचीपर्यंत, आकाशात चालली. भारतात आखलेले लढाऊ विमानाचे जेट इंजिन प्रथमच हवेत गेले. त्याआधी २००८ मध्ये विशाखापट्टणमच्या नौदल गोदीत कावेरीच्या सागरी रूपाने १२ मेगावॅट शक्ती देऊन दाखवली होती. आज हीच कावेरी, रिहीटशिवाय, वैमानिकरहित लढाऊ विमानासाठी तयार होते आहे.

मग हिशेब काय?

दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. कावेरीच्या तारखा पहिल्यापासूनच अवास्तव होत्या. ज्या देशाने एकही लढाऊ इंजिन पूर्ण केलेले नाही, तो सात-आठ वर्षांत जगातल्या पहिल्या रांगेतले इंजिन करेल, असे लिहून देणे ही चूकच होती. विमान आणि इंजिन दोन्ही नवी, दोन्ही एकाच वेळी, आणि एकाचे भवितव्य दुसऱ्याला बांधलेले, ही आखणीही चुकली. कावेरी तेजसमध्ये बसली नाही, हे अपयश आहे. त्याला दुसरा शब्द शोधण्याची गरज नाही. करदात्याच्या पैशाचा जाब विचारणारा तो तरुण बरोबर आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही लिहावी लागेल. १९५० च्या दशकात काही दशलक्ष पौंड वाचवले आणि त्याची किंमत मारुतने सगळे आयुष्य मोजली. पुढे इंजिन करायला सांगितले, पण ते तपासायची जागा बांधून दिली नाही. तपासायला परदेशी पाठवायचे आणि उशीर झाला म्हणून विचारायचे, असे झाले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया यांनी या विद्येवर महायुद्धापासून अखंड खर्च केला. चीनने पैशाला मर्यादा न ठेवता सुरुवात केली, तरी त्यालाही स्वतःच्या इंजिनावर भिस्त ठेवायला काही दशके लागली. आपण मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी पाटी पुसून नव्याने श्रीगणेशा करत राहिलो.

आणि परक्याचे इंजिन स्वस्त पडते, हाही भ्रम आहे. तेजस मार्क-१ए साठी २०२१ मध्ये ९९ इंजिनांची मागणी अमेरिकेकडे नोंदवली. पहिले इंजिन आले ते मार्च २०२५ मध्ये. रांगेतला तो तरुण ज्या बातमीवर हसत होता, ती बातमी नानांच्या संस्थेवरची टीका नव्हती. अशी संस्था का लागते, याचा तो पुरावा होता! कुलूप लावले असते तर आज त्या बातमीवर बोलायलाही आपल्याकडे कोणी जाणकार उरला नसता. ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर इथेच नवे लढाऊ इंजिन विकसित करण्याचे जाहीर केले. भागीदार तुमच्याशी बरोबरीने बोलतो तो तुमच्या हाताला चटके बसलेले असतात म्हणून. ते चटके कावेरीने दिले.

आणखी एक. १८ एप्रिल २०२४ रोजी ओडिशातल्या चांदीपूरहून एका स्वदेशी क्रूझ क्षेपणास्त्राची चाचणी झाली. समुद्रावरून खाली, ठरलेल्या वाटेने ते व्यवस्थित गेले. सरकारी निवेदनात एक ओळ होती: बेंगळुरूच्या जीटीआरईने विकसित केलेल्या स्वदेशी इंजिनाची विश्वासार्हता या चाचणीने सिद्ध झाली. त्या लहानशा टर्बोफॅन इंजिनाचे नाव 'माणिक'. मोठी कावेरी जे करू शकली नाही, ते धाकट्या माणिकने केले. पण माणिकच्या जन्मामागे कावेरीवर राबलेल्या हातांचा अनुभव आहे, हे कोणीही अभियंता सांगेल.

ही बातमी मी सकाळी वाचली आणि नानांना फोन केला. ते निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली आहेत. माणिकच्या कामाशी त्यांचा संबंध नव्हता. मी बातमी वाचून दाखवली. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "पोरांनी केलं म्हणायचं." आणि लगेच विषय बदलून माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

जाता जाता

हा लेख छापायला देण्याआधी मी नानांना वाचायला दिला. मला वाटले, 'अपयश' हा शब्द ते काढायला सांगतील. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि म्हणाले, "तो शब्द राहू दे. खरं आहे ते. फक्त वर्ष नीट घातलंयस ना, ते बघ. २००८ चं अपयश २००८ चंच राहू दे. त्याला कायमचं करू नका." मी वर्ष पुन्हा तपासून पाहिले. बरोबर आहे.

तेव्हा मंडळातल्या तरुण मित्रांनो, यंदा महाप्रसादाला नाना पुन्हा वाढायला असणार आहेत. प्रश्न जरूर विचारा, अगदी टोकाचे विचारा. ते काय सांगता येते आणि काय नाही हे त्यांना चांगले ठाऊक आहे. जमल्यास एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन एचएएलच्या संग्रहालयात जाऊ. तिथे मारुत उभे आहे. त्याच्या जवळ गेलात की मुलांना एवढेच सांगा, की हे विमान आपण केले होते, आणि त्याला साजेसे इंजिन देण्याचे काम अजून चालू आहे. त्या कामाला यशाची तारीख कोणी आता लिहून देऊ नये, पण ते थांबूही नये, एवढीच बाप्पाच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!